सातबंदरातली माणसं

मंद्या,

गेल्या रविवारी आम्ही तिघंही छापखान्यावर गेलो. कुणी कुणाला फोन केला नव्हता. ठाकूरद्वारच्या गल्लीत शिरले तर निनाद खाली उभा होता आणि आरिफ जिन्यावर बसला होता. तुझ्या मालकांनी वरची खोली उघडून दिली, जरा वेळ दारात उभे राहिले आणि खाली गेले. खोलीत शाईचा वास होता, भिंतीला लग्नपत्रिकांचे गठ्ठे होते, मधोमध आपलं टेबल. आरिफने न बघता तुझ्या खुर्चीवर बॅग ठेवली आणि मग घाईने उचलून मांडीवर घेतली. फासे कुणीच काढले नाहीत. आम्ही डेंग्यूबद्दल बोललो. प्लेटलेट किती असाव्यात, भरती कधी करावं, पपईच्या पानांनी खरंच काही होतं का. जणू आता त्याचा काही उपयोग होणार होता. चहा गार झाल्यावर उठलो.

मला बोलायचं होतं ते त्या खोलीत जमलं नाही. म्हणून इथे बोलतेय. एका प्रश्नाचं उत्तर तू पुढच्या रविवारी देणार होतास. तो रविवार आला तेव्हा तू परळला आयसीयूत होतास. माझा राग अजून उतरलेला नाही रे, आणि आता तो कुणावर काढू ते कळत नाही.

नव्या माणसाला तू आपला खेळ फार सोपा करून सांगायचास. एक जण जग सांभाळतो, बाकीचे त्या जगात एकेक माणूस होऊन राहतात, बोलूनच सगळं घडतं, आणि काय होईल याची खात्री नसेल तिथे फासा टाकायचा. जग सांभाळणारा अर्थात तू. आरिफ मला ऑफिसातून पहिल्यांदा घेऊन आला तेव्हा तुझं जग आधीच उभं होतं. सातबंदर. सात बंदरांचा एक किनारा, प्रत्येक बंदराला एक पाण्यातला किल्ला, प्रत्येकाचा एक प्रमुख. कुठलं मीठ कुठे जातं, कुठल्या गावात बांगडा खातात आणि कुठल्या गावात तो फेकून देतात, हे तुला तोंडपाठ होतं. छापखान्यात दिवसभर लोकांच्या लग्नपत्रिका लावणारा माणूस, कुणाचं नाव कुणाच्या वर, कुठली आत्या आधी आणि कुठला मामा नंतर, त्याचंच जग होतं ते. सगळं कुणाचं ना कुणाचं.

आणि त्या जगात यायचं तर तिथलं होऊन यायचं, हा तुझा हट्ट. निनादने पहिल्यांदा आणलेला योद्धा बर्फाच्या डोंगरातला होता, अंगावर अस्वलाचं कातडं. दुसऱ्या कुणी सरळ नाही म्हटलं असतं. तू नाही म्हणायचा नाहीस, तू प्रश्न विचारायचास. हा इथे आला कसा? या उकाड्यात तो ते कातडं कधी काढतो? एवढं घामाघूम होऊनही का काढत नाही? तासाभरात निनादचा योद्धा डोंगरापलीकडचा एक पैलवान झाला होता. आयुष्यात एकच कुस्ती जिंकलेला, त्यात हे कातडं मिळालेलं, आणि आता खाडीच्या तोंडाशी लाकडाचे ओंडके ओढणारा. पुढे कधीतरी ते कातडं द्यायची वेळ आली तेव्हा निनाद खरंच रडला. एवढा धिप्पाड माणूस, त्या खोलीत, भर दुपारी. तसंच आरिफच्या जादूगाराचं. त्याच्या मनोऱ्याबद्दल तू विचारत राहिलास, तिथे पाणी कोण भरतं, दिवा कुणासाठी लागतो, आणि जादूगाराचा दीपस्तंभवाला झाला. वारा वाचणारा, एकटा. आरिफ म्हणतो, त्याला स्वतःबद्दल जे माहीत नव्हतं ते त्या दीपस्तंभवाल्याकडून कळलं.

तुझ्याइतकं कान देऊन ऐकणारा माणूस मला दुसरा भेटला नाही. हे तुझ्या तोंडावर म्हटलं असतं तर तू विषय बदलला असतास.

मी आणलेल्या बाईला नाव नव्हतं. तलवार होती, गाव नव्हतं, घर नव्हतं, आगापिछा काही नाही. मला तशीच हवी होती ती. तू विचारलंस, ती कुठून आली, तर मी म्हटलं ती सांगत नाही. तू हसलास आणि म्हणालास, ठीक आहे, बघू धक्क्यावर काय होतं ते.

धक्क्यावर पहारेकरी होता. तू मान जरा खाली घातलीस, आवाज जाड केलास, आणि लालबागच्या घरात जसं मालवणी बोलत असशील तसं बोललास. "नाव काय? गाव खंयचो? कोणाची गो तू?"

निनादने सांगितलं, आरिफने सांगितलं, दोघं बंदरात गेले. मी म्हटलं, ती उत्तर देणार नाही.

"मगे बस थंय. होडीत."

ती बसली. मी पण बसले. अख्खी दुपार ते दोघं बाजारात हिंडले, भांडले, कुणाकुणाला भेटले, आणि माझी बाई होडीत बसून होती. मधेमधे तू पहारेकरी होऊन यायचास आणि पुन्हा तोच प्रश्न विचारायचास. तुला वाटत होतं मी कमाल खेळतेय. निनाद माझ्याकडे बघायचा आणि नजर खाली घ्यायचा. त्याला आधी कळलं होतं.

खाली आल्यावर कोपऱ्यावरच्या टपरीपाशी तू आनंदात म्हणालास की काय मस्त रंगलं. तेव्हा मी बोलले. भाड्याने घर बघायला गेलं की पहिलं काय विचारतात ते सांगितलं. पूर्ण नाव सांगा, असं म्हणतात, आणि पूर्ण म्हणजे आडनाव. ते सांगितलं की समोरच्याच्या चेहऱ्यावर एक बारीक हिशोब होतो, तो मला शाळेपासून ओळखता येतो. आम्ही बौद्ध, डिलाईल रोडच्या चाळीतले. माझे आजोबाही गिरणीतच होते, पण त्यांना विणाई खात्यात घेत नसत, कारण तिथे मागावर इकडून तिकडे धावणाऱ्या धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागायचा आणि त्यांच्या तोंडाचा धागा दुसऱ्याला चालत नसे. तू मधेच म्हणालास, माझे बाबा विणाई खात्यातच होते. तुला हे कुणी कधी सांगितलं नव्हतं.

"मी रविवारी तुझ्याकडे येते," मी म्हटलं, "ते इथेही तेच उत्तर द्यायला नाही."

तू लगेच म्हणालास, तुझ्यापुरता तो विचारायचा नियम काढतो. मी म्हटलं माझ्यापुरता नको. मग तू वैतागलास. सगळ्यांचाच काढला तर तो किनाराच राहत नाही, म्हणालास. विचारणारं कुणी नसेल तर लपवणारं कुणी नसतं, खोटं बोलणारं नसतं, पळून आलेलं कुणी नसतं, आणि मग गोष्ट कुठून येणार? खेळाच्या दृष्टीने तुझं बरोबर होतं, हे मला तेव्हाही कळत होतं. पण मी म्हटलं, "गोष्ट तुला मिळते मंद्या. प्रश्न मला विचारला जातो."

त्यानंतर मी यायची थांबले. तू फोन केले नाहीस. तू सरळ घरी आलास, न सांगता, शनिवारी दुपारी, हातात माझ्या भावाच्या लग्नाच्या पत्रिकेचा नमुना घेऊन. ती पत्रिका तूच करायचं आधीच ठरलं होतं. तुझ्या छापखान्यात पत्रिकेच्या वर न विचारता गणपती पडायचा. तू तो पडू दिला नव्हतास. वर जागा कोरी ठेवली होतीस आणि आईला विचारलंस, काकू, इथे काय घालू? आईने बुद्ध म्हटल्यावर तू तिथेच बसून पेन्सिलीने रेखाटायला लागलास. अर्धे मिटलेले डोळे तुला जमेनात. तीनतीनदा खोडलंस. आई मागून बघत होती आणि सूचना करत होती. ती पत्रिका अजून आमच्या शोकेसमध्ये उभी आहे.

आणि मग आईने तुला विचारलं, पूर्ण नाव काय तुमचं? गाव कुठलं?

तू आपोआप सांगून टाकलंस. नाव, वडलांचं नाव, आडनाव, कणकवलीच्या पुढचं ते गाव, वाडीसकट. आई खूश झाली. म्हणाली, म्हणजे मासे खात असाल, बसा, सुरमई आणलीय. ती आत गेली तेव्हा आपण एकमेकांकडे बघितलं आणि हसू आवरेना. हसता हसता तू थांबलास.

"मला विचारलं की मला मासे मिळतात," तू म्हणालास. "तुला विचारलं की..."

तू पान वाढायला आईला मदत केलीस, दोन तुकडे जास्त खाल्लेस, आणि जाताना दारात चपला घालत मला विचारलंस, सातबंदरात उत्तर न देणारी ती एकटीच असेल का गं? का आणखीही असतील? असतील तर ते राहतात कुठे?

हेच तुझं. जग बदलायचं झालं तर आधी प्रश्न.

पुढच्या रविवारी आपण खेळलोच नाही. चौघांनी मिळून होडीवाल्यांची वस्ती केली. धक्क्यापासून हाकेच्या अंतरावर, एकमेकींना बांधलेल्या होड्या, पिढ्यान् पिढ्या उत्तर न दिलेली माणसं. तिथे चूल कशी पेटते, मूल चालायला कुठे शिकतं, मेलेल्याचं काय करतात, तू विचारत गेलास आणि मी सांगत गेले. तू काहीही दुरुस्त केलं नाहीस. संध्याकाळपर्यंत त्या होड्या आपल्या किनाऱ्यावर कायमच्याच असल्यासारख्या वाटायला लागल्या. माझ्या बाईला त्याच पहारेकऱ्याने नाव दिलं. बोलत नाही म्हणून अबोली. मी ते ठेवलं.

मला वाटतं मी आयुष्यात कुठेही इतकी मावले नाही जितकी त्या दुपारी त्या टेबलाशी मावले. हेही तुला सांगायचं राहिलं.

पण पहारेकऱ्याने विचारणं सोडलं नाही. ते तू काढलं नाहीस, आणि आपलं भांडण मिटलं असं कुणी म्हणू नये. अबोलीने पुढची वर्षं त्यामागेच घालवली. एकेका बंदरात जायचं आणि तो प्रश्न बंद करायला लावायचा. तू एकही बंदर फुकट दिलं नाहीस. कुठे वाद, कुठे लबाडी, कुठे बंड. एक बंदर तर जिंकून पुन्हा हातचं गेलं, आणि त्या दिवशी मी तुझ्याशी न बोलता गिरगाव चौपाटीपर्यंत चालत गेले आणि तू मागून काही अंतर ठेवून चालत आलास. बाकावर येऊन बसलास आणि म्हणालास, इतक्या सहज बदलत नाही गं. मी म्हटलं, तुझ्या हातात आहे. तू म्हणालास, म्हणूनच सहज बदलवता येत नाही. सहज दिलं तर ते तुझं राहणार नाही. मला तेव्हा ते पटलं नाही. अजूनही निम्मंच पटतं.

शेवटी सातवं बंदर उरलं. त्याचा प्रमुख म्हातारा, आवाज इतका हळू की आम्हाला पुढे वाकून ऐकावं लागायचं. अबोली भर सभेत उभी राहिली. मी खूप तयारी केली होती, चांगलं बोलले. निनादने टेबलावर थाप मारली. तू त्या म्हाताऱ्याच्या आवाजात म्हणालास, "आमच्या किनाऱ्याला प्रेतं लागतात, पोरी. वादळ झालं की लागतातच. हा कोणाचा, हे ठाऊक असतं म्हणून आम्ही त्याच्या दारात निरोप नेतो. ते ठाऊक नसेल तर रडायला कुणाला बोलवायचं?"

मला प्रचंड राग आला, कारण ते वाक्य प्रमुखाचं वाटत नव्हतं. मी खेळ सोडून तुला विचारलं, "हे तो बोलतोय का तू?"

तू फासे गोळा केलेस. चेहऱ्यावर ते तुझं हसू नव्हतं, थकलेला दिसत होतास. अंग दुखतंय म्हणालास. आणि म्हणालास, "पुढच्या रविवारी सांगतो."

तो ताप होता. आम्हाला कुणालाच कळलं नाही, तुलाही नाही.

हॉस्पिटलच्या काउंटरवर मी पोचले तेव्हा तिथल्या मुलीने मान वर करून विचारलं, तुम्ही पेशंटच्या कोण? मी म्हटलं मैत्रीण. ती चांगलं बोलली. म्हणाली, मॅडम, आत फक्त घरच्यांनाच सोडतात. मी मैत्रीणच होते, त्याहून जास्त काही नव्हते आणि जास्त काही व्हायचंही नव्हतं. मला तो शब्द नेहमी पुरला होता. त्या काउंटरवर पुरला नाही. मी बाहेरच्या बाकावर बसून राहिले. तुझे बाबा आत जायचे, बाहेर यायचे, पुन्हा आत जायचे.

तिथे बसल्या बसल्या मला तो म्हातारा आठवत होता. तुझ्या बाबांना बोलावता आलं ते तू कोणाचा हे तिथे लिहिलेलं होतं म्हणूनच. आणि मला आत जाता आलं नाही तेही त्याच लिहिण्यामुळे. दोन्ही खरं होतं. हे तुला सांगितलं असतं तर तू पुढे वाकून म्हणाला असतास, मग? मग अबोली त्याला काय म्हणेल? मला माहीत नाही रे, ती काय म्हणेल. आता तिच्यासमोर कुणी उभंच नाही.

तू गेलास तेव्हा मी चहा घ्यायला खाली गेले होते. काचेच्या पलीकडूनसुद्धा तुला बघितलं नाही.

निनाद मला म्हणतो, आपण पुढे चालू ठेवू, तू सांभाळ जग, तुला सगळं पाठ आहे. मला पाठ आहे, खरं आहे. कुठल्या बंदरात काय खातात ते मी आजही सांगेन. पण मी पहारेकरी होऊन तो प्रश्न विचारायला गेले तर माझ्या तोंडून माझाच आवाज येतो. घरी एकटी असताना करून बघितलं. हे निनादला अजून बोलले नाही.

परवा लालबागला गेले होते. बाबा एकटेच होते. तुझी आई गेल्यापासून तुम्ही दोघंच होतात त्या खोलीत, आता ते एकटे. शेजारच्या वहिनी डबा ठेवून गेल्या होत्या, तो उघडलेला नव्हता. त्यांनी मला तुझ्या कॉटवर बसवलं आणि स्वतः खाली भिंतीला टेकून बसले. बराच वेळ पंखा बघत होते. मग म्हणाले, "तो रविवारी काय खेळायचो गो? माका कधी सांगूक नाय."

मी सांगितलं. तू सांगायचास तसंच सोपं करून सांगायचा प्रयत्न केला. टेबल, चार जण, एक किनारा, बोलून बोलून घडणाऱ्या गोष्टी. त्यांना फाशांचं नीट कळलं नाही, पण त्यांनी अडवलं नाही. निनाद पैलवान असतो, आरिफ दीपस्तंभवाला, मी अबोली म्हणून एक बाई, हे सांगितलं. ते मान हलवत होते.

"आणि तो? तो त्यात कोण होतो?"

मी म्हटलं, बाबा, तो बाकीचे सगळे. धक्क्यावरचा पहारेकरी तो, मीठ विकणारी बाई तो. सगळ्या बंदरांचे प्रमुख तो. होडीतली म्हातारी माणसं, रडणारं पोर, बाजारातली कुत्री, पाऊस कधी येणार ते सांगणारा तो. आम्ही तिघं सोडून त्या किनाऱ्यावर जे जे कुणी बोलायचं ते सगळे तोच होता.

बाबांनी ते ऐकलं. गुडघ्यावरचे हात एकमेकांत अडकवले, सोडवले.

"म्हंजे सगळेच गेले गो," ते म्हणाले.

मी हो म्हटलं, मंद्या. दुसरं काय म्हणणार होते?